सशाने आखलेलं गाव

पुण्याच्या लग्नात कुणी गाव विचारलं आणि मी "चंद्रपूर" म्हटलं, की समोरचा जिलेबी हातातच धरून विचारतो, "म्हणजे वाघ अगदी घरापर्यंत येतात का हो?" मीही गंभीरपणे सांगतो, "येतात, पण बेल वाजवून येतात."

खरं म्हणजे आमच्या गावावर पहिला हक्क वाघाचा नव्हे, सशाचा. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावरची खांडकं झरपटीच्या काठच्या पाण्याने बरी झाली, आणि तिथेच पुढे शिकारीला गेला असता त्याला एक ससा त्याच्याच कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला! राणी म्हणाली, "ससा धावला तिथूनच कोट बांधा." ही पंधराव्या शतकातली कथा. कोट पुरा व्हायला पुढच्या कित्येक पिढ्या लागल्या. सरकारी कामाची ही परंपरा किती जुनी आहे पाहा! पण झाला तो अकरा किलोमीटरचा. आमचे रस्ते अजून असे नागमोडी का, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. सशाला नगररचना कुणी शिकवली होती?

या कोटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. खिडकी म्हणजे छोटा दरवाजा. पण बाहेरच्या माणसाला हे कसं कळावं? पुण्याच्या मेहुण्याला मी पत्ता दिला, "विठोबा खिडकीशी येऊन विचार." तो तासभर घराघराच्या खिडकीत विठोबा शोधत हिंडला. शेवटी एका आजीबाईंनी त्याला ओट्यावर बसवून पोहे खाऊ घातले आणि "पाव्हण्याले नेऊन दे रे," म्हणून नातू बरोबर दिला. चोर खिडकी आणि मसण खिडकीचा विषय मी त्या मुक्कामात काढलाच नाही.

१९६४ साली चांद्याचं चंद्रपूर झालं, पण रेल्वेने एका स्टेशनावर 'चांदा फोर्ट' हे नाव ठेवलंच. दुसरं स्टेशन चंद्रपूर. त्यामुळे गोंदियाहून येणारी आत्या एका स्टेशनावर आणि मी दुसऱ्यावर, असा आमच्या घरचा जुना रिवाज आहे.

एवढा कोट बांधूनही गावाने माणसं कधी बाहेर ठेवली नाहीत. चैत्रात पारा पंचेचाळिशीकडे निघाला, की महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसं येतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली, त्याच्या स्मरणाला दरवर्षी दीक्षाभूमी भरून जाते. कोळसा खाणींसाठी आलेली कुटुंबं तर इथलीच झाली. त्यांची नातवंडं "काहून बे?" असं आमच्यापेक्षा झोकात म्हणतात.

बाहेर ठेवला तो आम्ही कोटच! तो आमच्या परसामागे होता आणि फुटके माठ, कूलरचं जुनं गवत, सगळं आम्ही त्याच्यावर टाकत आलो. २०१७ साली इको-प्रो संस्थेची पोरं कुदळी-फावडी घेऊन कोट साफ करायला लागली. मी गॅलरीतून सूचना देत होतो. सूचना देण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तेवढ्यात एक पोरगा ढिगाऱ्यातून निघालेला चेपलेला पितळी गडू घेऊन दारात आला. गडूवर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं.

"काका, हे तुमचंच ना?"

भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत किती घातक आहे, ते त्या दिवशी कळलं. चोर मुद्देमालासह सापडला होता. पोराने मात्र दुसरा शब्द काढला नाही; गडू ओट्यावर ठेवून कामाला गेला. वडील मला याच कोटावर बोट धरून फिरवत, प्रत्येक बुरुजाशी थांबत, आणि मी त्यांचा गडू तिथेच फेकला होता.

दुसऱ्या दिवशी मी घमेलं घेऊन गेलो. दहा घमेली टाकली आणि पाच दिवस कंबर धरून बसलो. बायको म्हणाली, "सूचना द्यायच्या होत्या ना!"

गडू चिंच लावून घासला आहे. चेप काही निघाला नाही. मेहुणा आला, की त्यातच पाणी देतो.