फिल्लमवाले कणेकर

आम्हा गोंदियाकरांची एक गंमत आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि मध्य प्रदेश-छत्तीसगड शेजारीच, त्यामुळे जिभेवर दोन्हींची मस्त भेळ! 'काय करून राहिला बे?' हे आमचं साधं 'हॅलो'. पण विदर्भ एक्स्प्रेस पकडून मुंबईत नोकरीला आलं, की ऑफिसात कुणीतरी फिस्सकन हसतं. मग मीटिंगमध्ये आपण कमीच बोलतो.

त्या दिवसांत रूममेटने शिरीष कणेकरांचं 'यादोंकी बारात' हातात ठेवलं. लोकलमध्ये वाचायला घेतलं आणि चाटच पडलो. नाव हिंदी, पुस्तक मराठी! त्यांच्या एकपात्री कार्यक्रमाचं नाव तर 'माझी फिल्लमबाजी'. 'फिल्म' नाही बरं का, 'फिल्लम'. तिकिटाच्या रांगेतली पब्लिक म्हणते तस्संच. इंग्रजी वर्तमानपत्रांत पत्रकारिता केलेला हा माणूस मराठीत हिंदी सिनेमावर लिहिताना जराही बिचकत नव्हता. मग मी कशाला बिचकू?

समीक्षक म्हटलं, की आपल्याला कपाळावर आठ्या घालून स्टार वाटणारा माणूस आठवतो. कणेकर पिटात बसल्यासारखे लिहायचे. सिनेमाची यथेच्छ टर उडवायचे, आणि दिलीपकुमार किंवा लताबाईंचा विषय निघाला की एकदम हळवे व्हायचे. 'नुसती टिंगल करतात' असं म्हणणारेही होते. पण राव, टिंगल करायलासुद्धा सिनेमा तीन तास मन लावून बघावा लागतो! 'गाये चला जा' वाचा, म्हणजे जुन्या गाण्यांवर या माणसाचा किती जीव होता ते कळेल.

२५ जुलै २०२३ ला कणेकर गेले. वय ८० वर्षं. त्या संध्याकाळी गोंदियाहून बाबांचा फोन आला. एरवी आमचा फोन दोन मिनिटांचा. 'जेवला का? पैसे आहेत ना?' संपलं. त्या दिवशी म्हणाले, "बेटा, फिल्लमवाले कणेकर गेले म्हणतात."

बाबांनाही ते आवडायचे, हे मला तेव्हा कळलं. मग दिलीपकुमार की देव आनंद यावर आम्ही चाळीस मिनिटं भांडलो. हिंदीत, मराठीत, मिळेल त्या भाषेत. बाबा इतकं बोलू शकतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता दर रविवारी एक जुना सिनेमा ते तिकडे बघतात, मी इकडे. आणि नंतर फोनवर आमची फिल्लमबाजी सुरू!