आवडीचा पदार्थ घरीच ठेवा

मूल जेवत नाही ही तक्रार कोणत्या घरात नाही? आमची धाकटी तर दोन घास झाले की तोंड फिरवायची. पण आमच्या तिरोड्याकडच्या चिन्नोर तांदळाची खीर म्हटली की स्वारी खूष! तांदूळ शिजू लागला की वास अंगणापर्यंत जायचा आणि त्या वासावरच ती स्वयंपाकघरात हजर व्हायची.

ती पाच वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. उपचार नागपूरला. पहिल्या केमोच्या दिवशी मी पहाटे उठून खीर केली आणि डबा घेऊन गाडीत बसले. पोटात काहीतरी जाऊ दे, एवढंच मनात. सलाईन लावण्याआधी चुचकारून वाटीभर भरवली. संध्याकाळी उलट्यांवर उलट्या झाल्या. तेव्हापासून खीर दिसली की ती नाक दाबून दुसऱ्या खोलीत पळायची. मी रागावले, गयावया केली, एकदा तर हातही उगारला. आजही त्याची लाज वाटते.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं, ‘अहो, हे नखरे नाहीत. मळमळण्याआधी जे खाल्लं, त्याच्यावर शरीर राग धरतं.’ १९७८ साली अमेरिकेतल्या आयलीन बर्नस्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केमोआधी मुलांना वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम देऊन पाहिलं. पुढे त्यातली बरीच मुलं नेमकं तेच आइस्क्रीम नको म्हणू लागली. १९८७ सालच्या प्रयोगात जेवण आणि औषध यांच्यामध्ये उग्र चवीची गोळी चघळायला दिली, तर राग गोळीवर निघाला आणि जेवण बरंचसं बचावलं!

झालं! त्या दिवसापासून आवडीचं काही म्हणून दवाखान्यात नेलं नाही. केमोच्या दिवशी साधंच थोडं खायला द्यायचं, आणि डॉक्टरांना विचारून वर एक पेपरमिंटची गोळी.

घरातही रीत बदलली. गरम अन्नाच्या वासाने तिला मळमळायचं, म्हणून ताजा केलेला मऊ भात थोडा निववून द्यायची. स्टीलचा चमचा ‘कडू’ लागायचा, म्हणून प्लॅस्टिकचा आणला. तोंड आलं की आंबट-तिखट बंद. मुगाचं पातळ वरण, तूप, केळं. एका मोठ्या ताटाऐवजी दिवसातून सहा वेळा लहान वाटी. पाणी उकळलेलं, बाहेरचं खाणं बंद. स्टेरॉइडच्या दिवसांत मात्र उलटंच! रात्री दोनला उठून पोळी मागायची. शेजारणी म्हणायच्या, ‘गाल कसे छान भरले!’ मी नुसती हसायची. काय सांगणार?

सगळ्यात अवघड गेलं ते आग्रह सोडणं. आपल्याला वाटतं, आई म्हटली की भरवायलाच हवं. पण बघा ना, सुई, सलाईन, कडू औषध, कशालाच त्या पोरीला नाही म्हणता येत नव्हतं. नाही म्हणायला तिच्याकडे एक ताटच उरलं होतं. मी वाटी पुढे ठेवायची नि बाजूला बसून भाजी निवडायची. कधी खायची, कधी नाही. पाणीही पोटात ठरेना किंवा वजन उतरू लागलं, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

अडीच वर्षांनी उपचार संपले. खीर ती अजून खात नाही. पण परवा चिन्नोरचा भात उतरवत होते, तर मागून आवाज आला, ‘आई, वास चांगला येऊन राहिला ना!’ मी काही बोलले नाही. वाटीत भात वाढला, वर तूप घातलं आणि पुढे ठेवला.

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ येऊ नये. पण आलीच, तर बाळाच्या जिवाभावाचा तो एक पदार्थ त्या दिवशी डब्यात भरू नका. पुढे लागतो तो.