चवळी

आमच्या घरी साप आहे. रफ ग्रीन स्नेक: पोपटी रंगाचा, करंगळीहून बारीक, दोन-अडीच फुटांचा, बिनविषारी. अमेरिकेच्या आग्नेय भागात पाण्याकाठच्या झाडाझुडपांत तो राहतो. आम्ही फ्लोरिडात असतो. इथेच एकाने घरी वाढवलेली मादी मिळाली. मुलीने नाव ठेवलं चवळी.

चिपळूणहून आई व्हिडिओ कॉलवर ओरडलीच, "अगं, हरणटोळ आणलास घरात? टाळू फोडेल तो!" हरणटोळ वेगळा, आणि तोही कुणाची टाळू फोडत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. मग तिने विचारलं, "आणि दूध किती पितो?"

दूध कुठलाच साप पीत नाही. चवळी तर उंदीरही खात नाही. रातकिडे, नाकतोडे, अळ्या, कोळी हा तिचा आहार. रातकिडे कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून सोडते. चवळी दिवसा जागी असते, म्हणून शिकार बघायला मिळते. किडा दिसला की ती मान फांदीपुढे काढते आणि वाऱ्याने डहाळी हलावी तशी हळूहळू डुलवत पुढे सरकते. शेवटचं बोटभर अंतर मात्र डोळ्याला दिसतसुद्धा नाही. किडा जिवंतच गिळते. विळखा नाही, विष नाही.

उंच काचेच्या पेटीत मनीप्लांट दाट वाढवलाय, वर यूव्हीबी दिवा. तळाशी वाटी असली तरी तिला पानांवरचं पाणी आवडतं. सकाळी फवारा मारला की ती पानाच्या टोकाशी हनुवटी लावते, घसा हलतो आणि थेंब नाहीसा होतो. ते बघताना माझा चहा रोज गार होतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, तेव्हा ती खात नाही. मग मी पेटीभोवती वावरही कमी करते.

तिला हातात घेत नाही. हे साप माणसाच्या स्पर्शाने बिथरतात, खाणं सोडतात. रानातून पकडून दुकानात आणलेले कितीतरी याच धसक्याने मरतात. मेल्यावर त्यांच्या कातडीतलं पिवळं रंगद्रव्य विरतं आणि हिरवा साप निळा पडतो. दुकानात असा एक बघितल्यापासून मी ओळखीच्यांना बजावते: रानातून आणलेला घेऊ नका. भारतात तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातला साप धरून घरात ठेवता येत नाही, आणि ते फार बरं आहे.

परवा भाचा आला. "मावशी, एकदा गळ्यात घालू?" मी नाही म्हटलं. तो फुरंगटला. मग पेटीत रातकिडे सोडायचं काम त्याला दिलं, आणि जेवायला बोलावलं तरी तो उठेना.