आकड्यांचे कपडे

माणसाची पारख कपड्यांवरून करू नये, असं आपल्याला शाळेत शिकवतात. आकड्यांच्या बाबतीत मात्र कुणी सावध करीत नाही, आणि बँकेत कारकुनी करणाऱ्याला तर हे आधी सांगायला हवं.

एक्सेल नावाची जी चौकटींची वही संगणकात असते, तिच्यात आकडा शिरला की त्याला कपडे घालतात. कपड्यांचं माप लिहायची एक सांकेतिक भाषा आहे. तिच्यात '#' म्हणजे लग्नातला पाहुणा. अंक असला तर बसतो, नसला तर खुर्चीसकट गायब. '०' म्हणजे कायम नोकरीतला माणूस. काम असो नसो, जागेवर हजर. खातेक्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळून पडू नयेत म्हणून अशी अकरा-अकरा शून्यं ओळीनं बसवावी लागतात. अर्धविरामानं चार कप्पे पाडता येतात : जमेच्या आकड्याला एक पोशाख, उण्याला दुसरा, शून्याला तिसरा आणि अक्षरांना चौथा. नुसते तीन अर्धविराम लिहिले तर आकडा आत असतो, पण दिसत नाही. पगाराच्या बाबतीत ही सोय आमच्या घरी एक्सेलच्या कितीतरी आधीपासून आहे.

खरी गंमत स्वल्पविरामाची. साहेबाचा स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी पडतो. त्यामुळे साडेबारा लाख '१,२५०,०००' असे अवतरतात, आणि कापसाचा हिशेब लाखात करणारा माणूस त्यांच्याकडे परक्या गावच्या पाटीकडे पाहावं तसा बघत राहतो. संगणकाचा मुलूख भारत असा ठरवून दिला की हा प्रश्न सुटतो; पण त्याचा पासवर्ड ज्या माणसाकडे असतो तो नेहमी जालन्याला असतो. मग आपण तीन मजली संकेत लिहायचा : कोटीच्या वर असेल तर असा, लाखाच्या वर असेल तर तसा, नाहीतर साधा. मात्र अटी दोनच घालता येतात. त्यामुळे उणे आकडे सगळे तिसऱ्या मजल्यावर लोटले जातात आणि तिथं पुन्हा साहेबी स्वल्पविराम. म्हणजे साडेबारा लाख शिल्लक असली तर माणूस देशी, आणि तेवढीच रक्कम उणे झाली की इंग्रज!

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण कपडे बदलले म्हणून आतला आकडा बदलत नाही, ही गोष्ट टेंभुर्णीच्या एका बाबांना फार महागात पडली असती. (टेंभुर्णी म्हटलं की लोक सोलापूरकडे बघतात. ही जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली.)

बाबांना हयातीतच दोन्ही मुलांच्या वाटण्या करायच्या होत्या. त्यासाठी सातबाऱ्यावरचा पीककर्जाचा बोजा उतरवायला हवा, आणि बोजा उतरायला बेबाकीचा दाखला हवा. त्यांच्या हातात बाकीच्या यादीचा छापील कागद होता. त्यावर त्यांच्या नावापुढं स्वच्छ '०'. दाखल्याचं यंत्र मात्र ढिम्म. मी ती चौकट उघडून पाहिली. वरून कपडे '#,##०' चे, म्हणजे दशांशाला बंदी, आत ०.३७.

"सदतीस पैसे राहिलेत, बाबा."

"ह्या कागदावर तर शून्य हाय की, साहेब."

"ते दिसायचं शून्य आहे."

बाबा घटकाभर गप्प राहिले. मग म्हणाले, "सदतीस म्हंजी सहा आणे!"

बरोबर. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा सरकारी तक्त्यात सहा आण्यांचे सदतीस नवे पैसे होते, आणि बाबांनी तो तक्ता छडीच्या तालावर पाठ केला होता. सहा आणे कसे फेडायचे, एवढंच त्यांनी विचारलं. इथं माझी विद्या संपली. चार आण्याचं आणि त्याखालचं प्रत्येक नाणं ३० जून २०११ पासून चलनातून बाद. सदतीस पैसे देणं लागता येतं, पण देता येत नाहीत. २०२२ साली गुजरातच्या उच्च न्यायालयात असंच प्रकरण गेलं होतं. तिथं एका बँकेनं ३१ पैशांसाठी बेबाकी अडवली होती आणि न्यायमूर्तींनी तिला चांगलंच झापलं होतं. एकतीस पैसे म्हणजे पाच आणे. आमच्या बाबांची बाकी त्याहून एका आण्यानं भारी.

आमच्या साहेबांना मी ते प्रकरण सांगितलं. साहेब म्हणाले, कोर्ट कोर्टाच्या जागी, एक रुपया भरून घ्या. बाबांनी कोपरीच्या खिशातून रुपया काढला, मी पावती दिली आणि यादी पुन्हा छापली.

आता खात्यात उणे ०.६३. बँकच बाबांचे त्रेसष्ट पैसे देणं लागत होती. पण उण्याच्या कप्प्याचे कपडे ठरलेले : तांबडा रंग, दोन्ही बाजूंना कंस आणि दशांशाला बंदी. त्यामुळे जवळच्या पूर्ण आकड्यानुसार कागदावर आलं ते तांबडंलाल '(१)'.

बाबांनी चष्मा सारखा करून कागद जवळ धरला.

"हे काय आता?"

"बँक तुमचं देणं लागते, असा त्याचा अर्थ."

"एक रुपया?"

"दिसायला एक."

बाबांनी कागदाची घडी घातली, कोपरीत ठेवली आणि तळहात खिडकीतून आत सरकवला.

"द्या मग."