घारापुरीच्या टेकडीवरून दिसलेलें बंदर

गेल्या माघांत घारापुरीचीं लेणीं पाहण्याचा योग आला. सोबत निफाडकडील आमचा एक जुना विद्यार्थी होता. त्याचा द्राक्षांचा मळा आहे. त्रिमूर्तीचें दर्शन घेऊन आम्ही तोफांच्या टेकडीवर चढलों, तों पाण्यापलीकडे न्हावा-शेव्याच्या उत्तुंग क्रेनांची रांग दृष्टीस पडली. "गुरुजी, आमची द्राक्षें तेथूनच युरोपास जातात," तो म्हणाला.

हें जवाहरलाल नेहरू बंदर 1989 सालीं सुरू झालें. येथें माल कंटेनर नांवाच्या लोखंडी पेट्यांतून चढतो व उतरतो. वीस फुटी पेटी हें मोजणीचें एकक. 1956 सालीं माल्कम मॅक्लीन यांनीं अमेरिकेंत न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे 58 पेट्या एका जहाजानें धाडल्या. तेथून ही पद्धति जगभर पसरली.

बंदराची कार्यक्षमता मोजावी कशी, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, क्रेन ताशीं किती पेट्या उचलते, हें एक माप. जहाज बंदरांत किती तास राहिलें, हें दुसरें. पेटी किती काळ पडून राहिली, हें तिसरें. जागतिक बँकेनें 2021 पासून बंदरांची जी तुलना प्रसिद्ध केली, तिचा आधार दुसरें माप. "पण आमचा जीव तिसऱ्यांत अडकलेला!"

एका वर्षीं कागदावरील एका आंकड्याच्या चुकीमुळें त्याची शीतपेटी चार दिवस वाटेंतच अडकली. यंत्र बंद पडलें, माल नासला, घरचें सोनें मोडावें लागलें. जहाज मात्र वेळेवर सुटलें होतें. हिशेबांत उणेपणा कोठेंच दिसला नाहीं.

सुधारणेची वाट येथेंच आहे. नवी क्रेन आणली तरी फाटकावरील खोळंबा तसाच राहिला, तर पेट्या आवारांत सांचतात, एवढेंच. 2016 पासून या बंदरांत पेट्यांस रेडिओलहरींची ओळखपट्टी लावूं लागले. त्यामुळें पेटी कोठें व किती वेळ थांबली, हें कळूं लागलें. थांबणें दिसलें म्हणजे त्याचें कारण शोधतां येतें.

वाचकहो, आम्हींही पस्तीस वर्षें पहिल्या आलेल्यांच्या गुणांवरून वर्गाची प्रगति मोजली. मागें राहिलेला नेमका कोठें अडला, हें क्वचितच पाहिलें. हा विद्यार्थी मागल्या बांकावरचाच होता. परतीच्या लाँचमध्यें आम्हीं त्यास तसें बोलून दाखविलें. तो नुसता हंसला, आणि आमची पिशवी आपल्या खांद्यास अडकवून उभा राहिला.