नौकेचा गिअर आणि एक हेत्वाभास

निवृत्त शिक्षकाची आठवण लोकांस बहुधा दोन प्रसंगीं होते: लग्नपत्रिकेंतील ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यावयाचें असतां, आणि एखाद्या सभेला अध्यक्ष मिळत नसतां. गेल्या माघांत मात्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला तिसऱ्याच कारणासाठीं बोलाविलें. "गुरुजी, नातीला रोहित पक्षी दाखवायचे म्हणत होतां ना? उद्यां सकाळीं भरती आहे. दिवाळ्याच्या धक्क्यावर या," असा त्याचा निरोप सानपाड्यास आमच्या घरीं आला.

हा विद्यार्थी बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यांतला. वडिलांची जुनी लांकडी नौका आतां तोच तांडेल होऊन चालवितो. इयत्ता नववींत असतां 'देव' शब्दाचीं रूपें त्याला कधींच पाठ झालीं नाहींत, आणि मीं त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'बुद्धि मंद' असा शेरा मारला होता. तो शेरा त्याला आठवत नसावा, अशी माझी समजूत होती. मला मात्र तो चांगला आठवत होता.

ठाण्याच्या खाडीचा पुष्कळसा भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, व २०२२ सालीं त्याला रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मानही मिळाला. तिकडे जाण्यास आम्ही वाशीच्या पुलांच्या दिशेनें निघालों. भरतीचा ओघ पाठीशीं होता. पूल जवळ दिसूं लागले आणि एकाएकीं यंत्राचा आवाज चढला. नौकेचा वेग मात्र उतरला. ओघ आम्हांस सरळ पुलाच्या खांबांकडे नेऊं लागला. "नांगर सोड!" असें तांडेल ओरडला. खलाशानें नांगर टाकला, दोर सळसळत गेला, आणि चिखलांत नांगर धरून नौका थांबली. नातीनें माझा हात घट्ट धरला होता; खरें सांगावयाचें तर मींही तिचा धरला होता.

नंतर समजलें, तें असें. हा प्रकार दोन महिन्यांपासून अधूनमधून होत होता. एका मिस्त्रीनें "गिअरबॉक्स गेला, नवा बसवा," असें सांगून टाकलें होतें. नव्याला लागणारे पैसे घरांत नव्हते. एक तर पत्नीचे दागिने गहाण टाकावयाचे, नाहीं तर नौका विकून दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी व्हावयाचें, अशा पेंचांत तो पडला होता.

वाचकांपैकीं पुष्कळांस नौकेचा गिअर ठाऊक नसेल. मोटारींतल्याप्रमाणें त्याला चार-पांच वेग नसतात. पुढें, मोकळें आणि मागें अशा तीनच अवस्था. यंत्राचे फेरे कमी करून ते पंख्याला द्यावयाचे, हें त्याचें मुख्य काम. यंत्र मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल व गिअर दोनास एक या प्रमाणाचा असेल, तर पंखा ९०० फेरे घेतो. या नौकेच्या गिअरांत तेलाच्या दाबानें क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात. आवळ सुटली कीं यंत्र धांवतें आणि पंखा रेंगाळतो.

माझ्या शिष्यानें हत्यारांची पेटी उघडली नाहीं. प्रथम तो बॅटरी घेऊन खालीं उतरला, व कपडे सांवरून, दुरूनच, फिरणारा शाफ्ट पाहूं लागला. "यंत्र जोरांत आहे, पण गिअरमधून बाहेर येणारा शाफ्टच सावकाश फिरतो आहे. म्हणजे पंख्याला जाळें गुंडाळलेलें नाहीं, आणि पंखा शाफ्टवर सुटलेलाही नाहीं. दोष अलीकडे आहे." मग यंत्र बंद करून त्यानें गिअरांतील तेल पट्टीवर घेऊन पाहिलें. पातळी बरोबर होती. रंग दुधी नव्हता. म्हणजे तेल थंड करणाऱ्या नळकांड्याला भोंक पडून खारें पाणी आंत शिरलेलें नव्हतें. वास मात्र किंचित् करपट होता. "चकत्यांनीं त्रास सोसला आहे," तो म्हणाला, "पण त्रास कोणी दिला?"

नंतर त्यानें खलाशाला वरचा दांडा पुढें ढकलावयास सांगितलें, आणि स्वतः गिअरवरच्या लहान दांड्याकडे पाहत राहिला. वरचा दांडा पुरा गेला, खालचा मात्र खांचेच्या अलीकडेच अडला! दोहोंना जोडणारी केबल आंतून गंजून आंखडली होती. अर्धवट लागलेल्या गिअरांत चकत्या पुऱ्या आवळल्या जात नव्हत्या. त्या घसरत होत्या आणि करपत होत्या. त्यानें केबल सोडविली व दांडा हातानें ढकलला. खट् असा आवाज होऊन तो खांचेंत बसला. यंत्र सुरू करतांच नौका नांगराला ओढ देऊं लागली.

पक्षी त्या दिवशीं दुरूनच, गुलाबी रेघेसारखे दिसले. खलाशी खालीं गिअरजवळ बसला, तांडेलानें "पुढें!" "मोकळा!" अशी हांक दिली कीं तो हातानें दांडा हलवी. अशा रीतीनें आम्ही धक्क्याला लागलों.

तर्कशास्त्रांत 'सव्यभिचार' नांवाचा एक हेत्वाभास आहे. जें लक्षण साध्य असतां दिसतें आणि नसतांही दिसतें, त्यावरून साध्य सिद्ध होत नाहीं. यंत्र धांवतें पण नौका चालत नाहीं, हें लक्षण पंख्यांत जाळें अडकलें तरी दिसतें, तेल कमी झालें तरी दिसतें, केबल आंखडली तरी दिसतें. त्यावरून गिअरबॉक्सच गेला असें ठरविणें, हा तोच हेत्वाभास. मीं हें मोठ्या उत्साहानें त्याला समजावून सांगितलें. तो हंसून म्हणाला, "आम्ही एवढेंच म्हणतों, गुरुजी, कीं आधीं स्वस्तांतलें बघावें."

नवी केबल पडली, तेल बदललें, दागिने घरांतच राहिले. चकत्या मात्र पावसाळ्यांत नौका वर काढल्यावर उघडून पाहाव्या लागतील, हें तो विसरलेला नाहीं.

परवां तो घरीं आला तेव्हां मीं त्या जुन्या शेऱ्याचा विषय काढला. त्याला तो अक्षरशः पाठ होता. "खराच होता कीं, गुरुजी. रूपें आलींच नव्हतीं."

"रूपें आलीं नव्हतीं, हें खरें," मी म्हणालों, "बुद्धि मंद, हें खोटें. तोही सव्यभिचारच, बाळ. आणि तो माझा."

तो कांहीं बोलला नाहीं. चहाचा पेला खालीं ठेवून त्यानें मला वांकून नमस्कार केला. आशीर्वाद देतांना मला शब्द चटकन् सुचेनात.