चाकांवरचे घर आणि ग्योतोकुचा पत्ता

तोझाई लाइनने तोक्योहून चिबाकडे निघाले की निशी-कासाईला डब्यातली निम्मी ओळखीची मंडळी उतरतात. पुढे कासाई, मग जुन्या एदोगावा नदीवरचा पूल, उरायासु, मिनामी-ग्योतोकु आणि चौथे स्टेशन ग्योतोकु. पूल ओलांडला की तोक्यो संपून चिबा सुरू होतो आणि घरभाडेही थोडे खाली येते. एवढ्या एका कारणासाठी आपल्यातली अनेक कुटुंबे हळूहळू इकडे सरकली. आम्हीही त्यांतलेच.

ग्योतोकु म्हणजे इचिकावा शहराचा समुद्राकडचा भाग. दोन बाजूंना एदोगावाचे दोन फाटे आणि तिसऱ्या बाजूला तोक्योची खाडी, म्हणजे जवळजवळ बेटच. भांडुप-मुलुंडची मिठागरे पाहिलेल्या माणसाला इथली नावे लगेच आपली वाटतात. शिओहामा म्हणजे मिठाचा किनारा, शिओयाकी म्हणजे मीठ आटवण्याची जागा. तोकुगावा इएयासुने इथल्या मिठाला आश्रय दिला आणि ते एदोला नेण्यासाठी कालव्यांची वाट तयार झाली. निहोनबाशीहून माणसांच्या होड्याही इथे येत. १६८७ मध्ये कवी बाशो काशिमाचा चंद्र पाहायला निघाला, तेव्हा होडीने ग्योतोकुला उतरून पुढे पायी गेला. १८१२ सालचा दगडी दीपस्तंभ आजही नदीकाठी उभा आहे. १९१७ च्या वादळी भरतीने मिठागरांचे कंबरडे मोडले, आणि १९६९ मध्ये तोझाई लाइन आल्यावर शेते-मिठागरांच्या जागी आजची वस्ती वाढली.

अशा या गावात राहणारा माझा भाचा गेल्या वर्षी एक जाहिरात घेऊन आला. सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर, युरोपात बनलेला, आत दोन पलंग, छोटा ओटा, बेसिन. गाडीच्या मागे जोडायचा आणि ओढत न्यायचा. किंमत आठ लाख येन.

"मावशी, दर महिन्याला भाडं भरण्यापेक्षा हे घेतो आणि यातच राहतो. वर्षभरात पैसे वसूल! नाशिकच्या फ्लॅटचं कर्जही लवकर फिटेल."

अमेरिकेत असे राहणारे हजारो आहेत, हे त्याने मोबाइलवर दाखवलेही. कंपनीने दिलेली खोली तीन महिन्यांत सोडायची होती आणि दोन ठिकाणी घरमालकांनी "परदेशी नको" म्हणून नकार दिला होता. त्यामुळे ही नुसती हौस नव्हती.

त्याचा राग समजण्यासारखा होता. इथे भाड्याचे घर घेताना शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम, एजंटचे पैसे, हमी देणाऱ्या कंपनीचे पैसे आणि बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांनी नूतनीकरणाचे शुल्क. आत पाऊल टाकण्याआधीच चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे जातात. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्के जणांनी परदेशी असल्यामुळे घर नाकारले गेल्याचे सांगितले होते. तेव्हा "गेलं तुमचं घर खड्ड्यात, मी चाकांवर राहतो" असे पंचविशीतल्या मुलाला वाटले तर नवल नाही.

मग एका रविवारी तो, मी आणि त्याचे काका कागद-पेन घेऊन बसलो.

पहिला हिशेब ट्रेलरचा. जपानमध्ये ७५० किलोपर्यंत एकूण वजनाचा ट्रेलर साध्या लायसन्सवर ओढता येतो. वजन त्यापुढे गेले की ओढण्याचे वेगळे लायसन्स लागते. हे वजन सामान भरून मोजायचे, रिकामे नाही. ट्रेलरला स्वतःची नंबरप्लेट असते आणि दर दोन वर्षांनी शाकेन, म्हणजे सरकारी तपासणी, करावी लागते. एक्स्प्रेसवेवर साध्या गाडीमागे एका आसाचा ट्रेलर जोडला की टोल वरच्या वर्गाचा लागतो. शिवाय ओढायला गाडी हवी, आणि ती भाच्याकडे नव्हती. जुना ट्रेलर घेताना कोपऱ्यात पाणी मुरले आहे का, पाय दिल्यावर जमीन मऊ लागते का, टायर किती वर्षांचे आहेत, गॅसची नळी आणि ब्रेक कसे आहेत, हे पाहायचे असते. टायरची नक्षी नवी दिसली तरी उभ्या उभ्या रबर म्हातारे होते.

दुसरा हिशेब कागदांचा, आणि खरी गंमत तिथेच होती. असा ट्रेलर आपल्या नावावर करायचा तर इन्कान-शोमेइ, म्हणजे नोंदवलेल्या शिक्क्याचा दाखला लागतो. तो दाखला नगरपालिका तिच्या हद्दीत पत्ता नोंदवलेल्या माणसालाच देते. मग शाको-शोमेइ, म्हणजे गाडी ठेवायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला. ती जागा मालकाच्या पत्त्यापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीची जागा वेगळी, ट्रेलरची वेगळी. थोडक्यात, चाकांवरचे घर विकत घ्यायला आधी बिनचाकांचे घर लागते.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "पत्ता तुमचाच दिला तर?"

तिथे मी नाही म्हटले. रेसिडेन्स कार्डावर जो पत्ता तिथेच माणूस राहिला पाहिजे, हा इथला कायदा आहे. घर बदलले की १४ दिवसांत नव्या पत्त्याची नोंद करायची. जुने घर सोडून ९० दिवसांत नवा पत्ता कळवला नाही, तर व्हिसाच रद्द होऊ शकतो. जपानी माणसाला खोट्या पत्त्याबद्दल दंड होईल, आपल्याला मात्र गाशा गुंडाळावा लागू शकतो. आरोग्य विमा, बँक, मुलांची शाळा, सगळे त्या एका ओळीवर टांगलेले. रहिवासी करसुद्धा १ जानेवारीला तुम्ही जिथे राहता त्या गावाला जातो.

"मग ट्रेलरचाच पत्ता नोंदवता येणार नाही?" हा त्याचा पुढचा प्रश्न. याच्या जवळचा एक खटला जपानमध्ये गाजला होता. ओसाकाच्या ओगिमाची पार्कमध्ये तंबूत राहणाऱ्या एका बेघर माणसाने तोच आपला पत्ता म्हणून नोंदवावा अशी मागणी केली. २००६ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. माणूस तिथे खरोखर राहत होता, याबद्दल वाद नव्हता. प्रश्न होता तो त्या जागेला पत्ता म्हणायचे का, हा. दुसऱ्या बाजूने, ट्रेलर एका जागी कायमचा बसवला, सहज सुटणार नाहीत असे नळ आणि तारा जोडल्या, की कायदा त्याला इमारत मानतो आणि बांधकामाचे नियम लागू होतात. चाके फिरती ठेवली तर ते वाहन, थांबवली तर ते बांधकाम. घर कधीच नाही.

तिसरा प्रश्न, रात्री झोपायचे कुठे? रस्त्यावर एकाच जागी १२ तास, आणि रात्री ८ तास गाडी उभी ठेवणे हा गुन्हा आहे. ग्योतोकुत महिन्याच्या भाड्याने पार्किंग दहा-पंधरा हजार येनच्या आसपास मिळते, पण ते गाडीसाठी असते, माणसासाठी नाही. तिथे पाणी नाही, संडास नाही, आणि रात्री खिडकीत दिवा दिसला तर शेजारी पोलिसांना फोन करणारच. हायवेवर मिचि-नो-एकि नावाचे विसाव्याचे थांबे आहेत. १९९३ मध्ये १०३ थांब्यांनी सुरुवात झाली, आज ते बाराशेच्या वर आहेत. स्वच्छ संडास, स्थानिक भाजी, काही ठिकाणी गरम पाण्याची स्नानगृहेसुद्धा. पण मंत्रालय स्पष्ट सांगते, की ही जागा थकलेल्या चालकाने डुलकी घेण्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. पैसे भरून रीतसर रात्र काढायची तर आर.व्ही. पार्क आहेत. रोज तिथे राहिले तर तेही भाडेच झाले.

चौथा हिशेब हवेचा. ९ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे फॅक्साय वादळ चिबा शहराजवळ धडकले, तेव्हा तिथे वाऱ्याचा झोत सेकंदाला ५७.५ मीटरपर्यंत गेला होता. बोसोच्या कितीतरी गावांत त्यानंतर दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा रात्री पातळ भिंतींच्या हलक्या डब्यात आपले मूल झोपले आहे, ही कल्पना नाशिकच्या माझ्या बहिणीला सांगायची कशी? ग्योतोकुची जमीन सखल, भराव टाकलेली. २०११ च्या भूकंपात शेजारच्या उरायासुत जमिनीतून चिखल वर आला होता. गाडीत झोपण्याचाही धडा जपानने घेतला आहे. २००४ च्या चुएत्सु भूकंपानंतर घाबरून दिवसरात्र गाडीत पाय दुमडून राहिलेल्यांपैकी काही जण पायात रक्ताची गाठ होऊन दगावले. तेव्हापासून आपत्तीत गाडीत झोपावे लागले तर पाय हलवा, पाणी प्या, हे आवर्जून सांगितले जाते.

इतके सगळे असूनही मला भाच्याची कल्पना वेडेपणाची वाटली नाही. चाकांवरचे घर या देशाला परके नाही. १२१२ मध्ये कामो नो चोमेइने 'होजोकी' लिहिले. वादळे, आग, भूकंप, दुष्काळ पाहून कंटाळलेला हा माणूस क्योतोबाहेरच्या डोंगरात तीन-एक मीटर लांबी-रुंदीच्या खोपटात राहिला. खोपटाचे सांधे कड्यांनी जोडलेले होते. जागा आवडेनाशी झाली की सुटे करून दुसरीकडे न्यायचे, सगळे सामान दोन गाड्यांत मावेल एवढेच. उंची सात शाकुपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम दोन मीटर. आजच्या जपानी केइ गाडीचीही उंचीची मर्यादा दोन मीटरच आहे.

खुद्द ग्योतोकु मिकोशींसाठी प्रसिद्ध आहे. मिकोशी म्हणजे आपल्या पालखीसारखे, देवाचे खांद्यावरचे घर. इथल्या कारागिरांनी ती पिढ्यान् पिढ्या बनवली. जुन्या मिकोशी दुकानाच्या वास्तूत आज लोकांना हा इतिहास दाखवतात. आळंदी-देहूच्या पालख्या पाहिलेल्या माणसाला तिथे गेल्यावर वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. देव गावभर फिरतो, पण फिरून आपल्या देवळात परत येतो. पालखीलाही पत्ता असतो.

ज्यांना असा पत्ता नव्हता त्यांचे काय झाले, हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतो तशी बैलगाडीतच संसार करणारी गाडीलोहारांची कुटुंबे होती. फिरस्त्या जमातींकडे इंग्रज सरकार संशयानेच पाही. १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. बीडहून दर हंगामात ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आजही पाच-सहा महिने कोपीत राहतात. मुलांची शाळा, रेशन, दवाखाना, सगळे गावच्या पत्त्यावर, आणि माणसे उसाच्या फडात. त्यांनी चाकांवरचे आयुष्य निवडलेले नाही. भाच्याला मी एवढेच म्हटले, की ज्यांना हे नाइलाजाने करावे लागते त्यांना आधी काय हवे असते ते विचार. ते ट्रेलर म्हणणार नाहीत.

ट्रेलर रद्द झाला. यूआर या सरकारी गृहसंस्थेकडे त्याने अर्ज केला. तिथे रेइकिन नाही, एजंटचे पैसे नाहीत, नूतनीकरणाचे शुल्क नाही, हमीदार लागत नाही, आणि परदेशी म्हणून दार बंद होत नाही. साधारणपणे भाड्याच्या चौपट मासिक उत्पन्न किंवा शंभरपट बचत दाखवावी लागते, ती अट त्याला जमली. निशी-कासाईत आपली एवढी वस्ती वाढायलाही अशा घरांचा मोठा हातभार लागला आहे. घर जुने, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. नवा पत्ता त्याने नवव्या दिवशी नोंदवला. सहा महिन्यांनी त्याने जुनी केइ व्हॅन घेतली. मागे गादी, एक बादली, एक शेगडी. पार्किंग घरापासून सातशे मीटरवर. शनिवारी तो बोसोच्या किनाऱ्यावर जातो, पैसे भरून आर.व्ही. पार्कमध्ये झोपतो आणि रविवारी कपडे धुवायला घरी येतो. नाशिकचे कर्ज त्याला वाटले होते तेवढ्या लवकर फिटणार नाही, हे खरेच आहे.

नाशिक-पुण्याहून हा अंक वाचणाऱ्या आई-बाबांसाठी एवढेच. मुलगा किंवा मुलगी फोनवर "मी आता गाडीतच राहणार आहे" म्हणाली, तर घाबरू नका आणि हसूही नका. कार्डावर कुठला पत्ता आहे, रात्री गाडी रीतसर कुठे उभी राहते, आंघोळ कुठे, वादळाच्या रात्री कुणाच्या घरी जाणार, हे चार प्रश्न विचारा. उत्तरे अडखळली तर पाचवाही विचारा. तो माझ्या बहिणीनेच विचारला होता, आणि मुलाच्या सगळ्या हिशेबांपेक्षा तोच त्याला जड गेला: "दिवाळीच्या फराळाचा खोका कुठल्या पत्त्यावर पाठवू?"